चौथं पान बाहेर

आमचं साप्ताहिक सासऱ्यांनी काढलं तेव्हा ते घरातच छापलं जायचं. पुढच्या खोलीत पायाने चालवायचं यंत्र होतं, आणि मी लग्न होऊन महाडात आले ती त्या खडखडाटातच. सासऱ्यांनंतर आमच्या ह्यांनी चालवलं, आता मुलगा चालवतो. यंत्र भंगारात गेलं, छपाई बाहेर होते. पण दर गुरुवारी अंकांच्या घड्या घालायचं काम अजून माझंच. ते मी कुणाला देत नाही.

का, ते सांगते. आमच्यासारख्या छोट्या पेपरात चौथ्या, म्हणजे शेवटच्या पानावर जमिनीच्या जाहीर नोटिसा येतात. अमक्या गावची जमीन विकली जातेय, कुणाची हरकत असेल तर मुदतीत कळवा, नाहीतर हरकत नाही असं धरलं जाईल. नोटीस देणाऱ्याला ती छापून हवी असते. ती कुणी वाचावी, असं मात्र प्रत्येकाला वाटतंच असं नाही. सासरे हे ओळखून होते. ज्या गावची नोटीस, त्या गावच्या अंकांची घडी ते उलटी घालायचे, चौथं पान बाहेर. "सूनबाई, पहिलं पान लोक उघडून बघतातच. हे त्यांच्या समोर आलं पाहिजे," म्हणायचे. मी तेच करत आले.

गेल्या दिवाळीआधी कुडपणची, पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या गावची, नोटीस आली. मी वाचली आणि हात थांबला. ते शेत मला माहीत होतं. तिथली एक बाई म्हशी राखते, कित्येक वर्षं आमच्याकडे तूप आणते, आणि नवरा गेल्यापासून ते शेत एकटीच कसते. नोटिशीत मालक म्हणून नाव होतं फक्त तिच्या मुंबईच्या दिराचं. तिच्याकडे फोन लागत नाही. मी चौथं पान बाहेर घेऊन घड्या घालायला लागले. मुलगा दारात उभा राहून बघत होता.

"आई, पोलादपूरचा गठ्ठा या वेळी एसटीत टाकू नकोस. मी तिकडेच चाललोय, गाडीतून नेतो."

मला बरं वाटायला हवं होतं. पण हा मुलगा सांगूनसुद्धा दूध आणत नाही, आणि आज गठ्ठा नेतोय? त्यात त्या आठवड्यात एक जमिनीचा एजंट दोनदा घरी येऊन गेलेला. मी चहा घेऊन गेले की बोलणं बंद, आणि "काकू, तब्येत काय म्हणते?" माझ्या तब्येतीशी त्याला काय करायचंय?

शनिवारी पोलादपूर स्टँडसमोरच्या चहावाल्याचा फोन आला. गठ्ठा त्याच्याच टपरीवर उतरतो. वरच्या गावांची माणसं चहा पितात आणि आपापला अंक उचलतात.

"काकी, पेपर बंद केलात काय? कुडपणवाले विचारतात."

"गाडीतून पाठवला होता की!"

"कसली गाडी? इथं काय नाय आलं."

दुपारी जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गठ्ठा पोचवलास ना रे?"

"पोचवला."

"कुणाकडे?"

"चहावाल्याकडे, अजून कुणाकडे? पोलीस झालीस का तू?" बांगड्याचे काटे काढत होता. मान वर केली नाही.

तो आडवा झाल्यावर मी गाडीची डिकी उघडली. ताडपत्रीखाली गठ्ठा होता, सुतळीला गाठ माझीच. विसरला असेल, असं मनाला सांगून बघितलं. मग पोचवला म्हणून कशाला सांगितलं?

गठ्ठा पिशवीत घातला, चवदार तळ्यावरून स्टँडवर गेले आणि पोलादपूरच्या गाडीत बसले. चहावाल्याने मला बघून कपाळावर हात मारला. "काकी, आता तुम्हीच पेपर टाकायला लागलात काय?" पण संध्याकाळच्या जीपने त्याने कुडपणचे अंक वर धाडले.

सोमवारी बाई दारात. या वेळी तूप नाही, हातात फक्त अंक, मी घातलेल्या घडीसकट.

"बाय गो, नातीनं वाचून दाखवलान. ह्ये माजंच शेत हाय ना? मला कुणी इचारलं नाय, सांगितलं नाय. मुदत हाय का अजून?"

"हाय. पाणी पी, मग वकिलाकडे जाऊ."

पाणी मुलानेच आणलं. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "तुज्या पेपरानं राखलान रे बाबा मला."

त्याने पेला तिच्या हातात दिला आणि आत निघून गेला.

तिची हरकत मुदतीत नोंदली गेली. सौदा थांबला. एजंट परत आमच्याकडे आला नाही. पुढे एकदा मुलगा आपणहून म्हणाला, "आई, मी खरंच विसरलो होतो गं."

"असेल," मी म्हटलं.

आता दर गुरुवारी गठ्ठा मीच स्टँडवर नेते, कंडक्टरच्या हातात देते आणि गाडी सुटेपर्यंत तिथून हलत नाही. मुलगा म्हणतो, कशाला त्रास घेतेस, मी सोडतो ना गाडीने. मी म्हणते, मला स्टँडपर्यंत सोड, गठ्ठा माझ्या मांडीवर राहू दे.