मालकाची चिठ्ठी

दोन हजार सालच्या आसपास मी कतारमध्ये, दोह्याच्या अल हिलाल भागातल्या एका टायपिंगच्या दुकानात कामाला होतो. रत्नागिरीकडचे एक स्टोअरकीपर दर हिवाळ्यात तिथे यायचे, अमेरिकेतल्या एका ग्रंथालयाच्या फेलोशिपचा अर्ज टाइप करून घ्यायला. त्यांची बोटं ग्रीसनं काळी असायची. कागदाला हात लावण्याआधी ते ती शर्टाला पुसायचे.

विषय दरवर्षी तोच: अमेरिका स्वतंत्र होण्याआधी तिथे करारावर नेलेले मजूर. इतिहासात एम. ए. झालेल्या माणसानं नटबोल्टच्या गोदामात बसून हे कशाला करावं, मला कळायचं नाही. एकदा मी विचारलं, "ते मजूर पळून का जायचे नाहीत?"

"मालकाच्या चिठ्ठीशिवाय बाहेर दिसले, तर धरून आणायचे," ते म्हणाले.

चौथ्या वर्षी त्यांची निवड झाली. ते पत्र त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. पण पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, आणि देशाबाहेर पडायला कफिलाची, म्हणजे मालकाची, परवानगी लागायची. बिनपगारी रजेचा अर्ज मीच टाइप केला. मॅनेजर महिनाभर "इन्शाल्ला" म्हणत राहिला, आणि मुदत टळल्यावर "खलास" म्हणाला.

मग ते ग्रंथालयाला नकार कळवायला आले.

"मालक सोडत नाही, असं लिहू?" मी विचारलं.

ते बोटं शर्टाला पुसत राहिले. "नको. त्यांना वाटेल, मी माझ्या अभ्यासातलंच एक पान पाठवलंय."

मी इंग्रजीत 'घरगुती अडचण' असं टाइप केलं. घर त्यांनी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.