सातशे तिसावी चिठ्ठी

चिठ्ठ्यांचे नंबर बनवून द्यायचं काम इतकं सोपं होतं, की ते घेताना मला जरा कमीपणाच वाटला. पण कोल्हापुरात शाहूपुरीतली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढल्यावरचं ते पहिलंच गिऱ्हाईक. मुरगूडजवळच्या एका दूध संस्थेला वार्षिक सभेतल्या सोडतीसाठी सभासदांना नंबर द्यायचे होते. ओळीनं दिले की भावाभावांचे नंबर शेजारी येतात आणि लोक संशय घेतात, म्हणून कॉम्प्युटरनं मनाला येतील तसे काढावेत. चेअरमनच्या अटी अशा: चार आकडी नंबर, शून्य नको, एक नंबर दोघांना नको, आणि आकड्यांची बेरीज करत गेलं की शेवटी नऊच उरले पाहिजेत. ते म्हणाले, आमच्याकडे नऊ बेरजेच्या गाडीच्या नंबराला जो मान, तोच चिठ्ठीला. कुणाला हलका नंबर दिला असं व्हायला नको.

मी मनात हसलो आणि कोड लिहिला. एक नंबर काढ, तो आधी दिलेला असेल तर दुसरा काढ, नवा मिळेपर्यंत काढत राहा. पन्नास नावांवर चालवून बघितला. झकास चालला.

सभेच्या सकाळी संस्थेच्या ऑफिसात सातशे बेचाळीस नावं घातली. सातशे एकोणतीस चिठ्ठ्या धडाधड छापून आल्या. पुढची काही येईना. बाहेर मांडवात सभासद येऊन बसलेले. चेअरमन दर पाच मिनिटांनी डोकावून झालं का विचारायचे आणि मी होतंय म्हणायचो. तासभर ते, मी आणि कॉम्प्युटर, तिघंही तेच तेच करत होतो. सोडत फसली असती तर तालुक्यात मला कुणी दारात उभं केलं नसतं.

शेवटी कागद ओढला. पहिले तीन आकडे कसेही घ्या, चौथा बेरजेनं आपोआप ठरतो. नऊ गुणिले नऊ गुणिले नऊ, म्हणजे सातशे एकोणतीस. शाळेतलं गणित! संपलेले नंबर तो बिचारा कॉम्प्युटर इमानदारीनं शोधत होता, कारण थांबायचं कधी हे मी सांगितलंच नव्हतं. मग हजारदा शोधून मिळालं नाही तर थांब, अशी एक ओळ घातली. लगेच उत्तर आलं, नंबर शिल्लक नाहीत.

तेरा सभासद उरले होते. मी चेअरमनना म्हणालो, यांना कुठलेही नंबर देऊन टाकू, नशीब काय बेरजेवर चालतं?

त्यांनी खिडकीतून अंगणात बोट दाखवलं.

"ती काळी गाडी तुझीच न्हवं?"

"व्हय."

"नंबर काय तिचा?"

मी सांगितला.

"कर की बेरीज."

करायची गरजच नव्हती. आरटीओत त्या नंबराची पाळी येईपर्यंत मी दोन महिने एसटीनं हिंडलो होतो. मी पाचवा आकडा वाढवला आणि सातशे बेचाळीस चिठ्ठ्या पहिल्यापासून छापायला घेतल्या.