काकूंच्या मिक्सरचा प्लग

नंदाखालला आम्ही ज्यांच्या माडीवर भाड्याने राहायचो, त्या काकांनी उमेदीची सगळी वर्षं मस्कतला काढली होती. आळीत घरटी एकजण आखातात. सुट्टीवर येताना कोणी इस्त्री आणायचं, कोणी टेप, आणि त्यांचे चौकोनी पिनांचे प्लग आपल्या भिंतीत बसावेत म्हणून सोबत अ‍ॅडाप्टर. काकूंकडे मिक्सर होता. प्लग बदलून घ्या असं कोणी सुचवलं की म्हणायच्या, "फॉरेनची वस्तू हाय, तशीच शोभते." आम्हाला त्याला हातही लावू देत नसत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझ्या नवऱ्यालाही मस्कतला नोकरी लागली. छोट्या लेकीला घेऊन मी मागाहून निघाले. अ‍ॅडाप्टर विकत कशाला घ्यायचा? शेजारून मागून तीन जमवले आणि निर्धास्त झाले.

लेकीला दमा होता. धाप लागली की औषधाची वाफ देणारं यंत्र ताबडतोब लावायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाकी सगळं सामान राहिलं असतं तरी चाललं असतं.

निघायच्या दिवशी सकाळी काकू वर आल्या. "अ‍ॅडाप्टर मशीनला लावून बघितलंस का?"

बांधलेली बॅग पुन्हा सोडायची म्हणून मी वैतागले. "अहो, अख्ख्या आळीचं चालतं, माझंच कसं नाही चालणार?"

त्या खाली गेल्या आणि काकांनी तिकडून आणलेला चौकोनी भोकांचा बोर्ड घेऊन आल्या. यंत्राच्या गोल पिना अ‍ॅडाप्टरमध्ये जाईनात, अ‍ॅडाप्टर बोर्डात जाईना. तिन्हींची तीच गत. इथेच घोडं पेंड खात होतं. आळीतले सगळे अ‍ॅडाप्टर तिकडची वस्तू इकडे चालवायचे. इकडची वस्तू तिकडे न्यायची वेळ कोणावर आलीच नव्हती.

जवळच्या आगाशीच्या दुकानातही तसलेच अ‍ॅडाप्टर मिळायचे, आणि दुपारी विमानतळावर न्यायला गाडी येणार होती.

काकूंनी खालून मिक्सर उचलून आणला आणि पाठोपाठ वर आलेल्या काकांपुढे ठेवला. "हा प्लग काढा नि पोरीच्या मशीनला लावा. तिचा ह्याला बसवा."

"काकू, तुमचा मिक्सर..."

"त्याची शोभा कोन बघायला येतंय?"

मस्कतला पहिल्याच आठवड्यात, भर दुपारी, लेकीला धाप लागली. मी प्लग सरळ भिंतीत खुपसला. यंत्र घरघरू लागलं आणि हळूहळू तिचे खांदे सैल पडले. तिला मांडीवर घेऊन मी रडले ते काकूंच्या आठवणीने. इतके उपकार माझ्यावर सख्ख्यांनीही केले नसतील.

पुढे लेकीचा दमा गेला, यंत्रही मोडीत निघालं, पण त्याचा प्लग मी काढून ठेवला. काकूंचा मिक्सर अजून आमच्याच प्लगवर चालायचा. मस्कत सोडून कायमचे परत आलो तेव्हा त्यांनी चटणी वाटता वाटता विचारलं, "तुझा प्लग परत नेतेस का गं?"

"मग तुमचा मला द्यावा लागेल," मी म्हटलं. "तो मी देणार नाही."