तिसरी रांग

वहिनीला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत उभ्याने काम, घरी चहाही उभ्यानेच. त्यात माझ्या पुतणीचे डोळे वारंवार पिवळे पडायला लागले आणि तिच्या जिवाला घोर लागला. डॉक्टरांना यकृताची शंका होती. आमच्या आईने मात्र निदान कधीच करून टाकलं होतं: पोरगी आईवर गेली, त्यांच्याकडचं रक्तच कमअस्सल. नातीला ती लाडाने 'हळदुली' म्हणायची, आणि वहिनी उठून खोलीबाहेर जायची.

एका दुपारी वहिनीने मला प्रयोगशाळेत बोलावलं. डॉक्टरांनी सांगितलेली एक तपासणी ती स्वतःच करणार होती आणि तुलनेला धडधाकट माणसाचं रक्त हवं होतं. पित्ताचे खडे काढले होते तेवढं सोडलं, तर घरात धडधाकट मीच. मी ऐटीत बाही वर केली.

नळ्यांच्या दोन रांगा होत्या, एक पुतणीच्या रक्तासाठी, एक माझ्या. पहिल्या नळीत खारट पाणी, पुढे मीठ कमी कमी, शेवटी नुसतं पाणी. प्रत्येकीत रक्ताचा थेंब टाकून ती येरझारा घालायला लागली आणि चालता चालताच मला समजावू लागली. रक्तपेशीला भिंत नसते, पापुद्रा असतो. चरबीच्या कणांचे दोन थर, डोकी बाहेर, शेपट्या आत. मधेमधे रोवलेली प्रथिनं. हे सगळं सारखं इकडून तिकडे सरकत असतं, अगदी वहिनीसारखं. आतल्या अंगाला प्रथिनांचंच जाळं. ते उसवलेलं असेल तर चपटी पेशी गोल होते, थोडं पाणी शिरलं तरी फुटते आणि नळी लालभडक दिसते.

पुतणीच्या नळ्या लवकर लाल झाल्या. म्हणजे दुखणं यकृताचं नव्हतं, पापुद्र्याचं होतं, आणि त्यावर उपाय होता. वहिनीने सुस्कारा सोडला. मग माझ्या रांगेकडे बघून थबकली. माझ्याही नळ्या तिथपासूनच लाल होत्या.

तिने स्वतःचं रक्त काढवून घेतलं, तिसरी रांग लावली, पुन्हा येरझारा. तिच्या नळ्या बऱ्याच पुढपर्यंत गढूळच राहिल्या. तिथवर एकही पेशी फुटली नव्हती.

तेव्हा ती स्टुलावर बसली. मला आमच्या सगळ्यांचीच लाज वाटली.

"भावोजी," ती म्हणाली, "आईंना तुम्ही सांगा. मी सांगितलं तर भांडण होईल."

घरी आईने दारातच विचारलं, "काय निघालं हळदुलीच्या रक्तात?"

"आपलंच रक्त निघालं, आई," मी म्हणालो.