एकोणपन्नासावा खासदार

महाराष्ट्रातून लोकसभेवर अठ्ठेचाळीस खासदार निवडून जातात, असं शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. आखाडा बाळापूरजवळ, ओढ्यापलीकडे वसलेल्या जांभळी तांड्याला हा आकडा मान्य नव्हता. तांड्याचा खासदार एकोणपन्नासावा होता. तो दिल्लीला कधी गेला नाही, कारण तो कधी निवडूनच आला नाही. पण एवढ्या किरकोळ कारणासाठी त्याला पदावरून काढावं, असं तांड्याचे कारभारी हिरासिंग यांना काही वाटलं नाही.

बंजाऱ्यांच्या तांड्यात कारभारी म्हणजे नायकाचा, म्हणजे तांडाप्रमुखाचा, उजवा हात. नायक रतनसिंग बसून निवाडा करायचे आणि हिरासिंग उभे राहून तो अमलात आणायचे. उंच, काटक अंग, पांढरं धोतर, लाल फेटा. आवाज असा, की त्यांनी कुणाला हाक मारली तर ओढ्यापलीकडची म्हैसही मान वळवून बघायची. कायदा त्यांच्या नसानसांत होता आणि तांड्याचा एक कायदा फार जुना होता. गाऱ्हाणं ऐकून ज्यानं गाऱ्हाणं सांगणाऱ्याच्या तांब्यातलं पाणी प्यायलं, त्यानंच ते तडीस न्यायचं. तोवर ते दुसऱ्यापुढे मांडणं म्हणजे त्या माणसाचा अपमान. जमत नसेल तर त्यानं चारचौघांत ‘नाही’ म्हणायचं, की गाऱ्हाणं मोकळं. बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख हिंडणाऱ्या पूर्वजांनी हा कायदा केला होता. त्या काळी माणसं नाही म्हणत असत.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात निवडणूक आली. वसमतचे हळदीचे व्यापारी देविदासराव अपक्ष म्हणून उभे होते. त्यांची जीप ओढ्याच्या वाळूत रुतली, तेव्हा ते भर दुपारी पायीच तांड्यावर आले. हिरासिंगांनी सगळ्यांच्या वतीनं गाऱ्हाणं मांडलं. पावसाळ्याचे चार महिने ओढा वाहतो. पाचवीपासून लेकरांची शाळा बाळापूरला. आमची पुनम यंदा पाचवीला जाणार. एक फरशी पूल पाहिजे, बाकी काही मागणं नाही. देविदासराव म्हणाले, दिलाच म्हणून समजा. आणि घसा कोरडा पडला म्हणून त्यांनी हिरासिंगांच्या हातातला तांब्या घेतला आणि एका दमात रिकामा केला.

साऱ्या तांड्यावर शांतता पसरली. देविदासरावांना वाटलं, आपलं भाषण काळजाला भिडलं.

देविदासराव पडले, तेही अनामत घालवून. नायकानं विचारलं, आता पुलाचं काय करायचं.

“पाणी पिलाय त्यो,” हिरासिंग म्हणाले. “मतं पडली न्हाईत म्हून पिलेलं पाणी पोटातून निघून जातंय व्हय?”

तेव्हापासून दर दोन महिन्यांनी कारभारी एसटीनं वसमतला जाऊ लागले. देविदासराव माणूस दिलदार. चहा यायचा, पोहे यायचे, तब्येतीची चौकशी व्हायची आणि निघताना ठरलेलं वाक्य कानावर पडायचं: होऊन जाईल, हिरासिंग. कुठून होईल, कसं होईल, हे विचारणं कारभाऱ्यांना असभ्यपणाचं वाटायचं.

तिकडे दिल्लीत तर नाटकाचा पडदा पडायच्या आत पुढच्या खेळाची नांदी सुरू व्हायची. कुणाचं सरकार तेरा दिवसांत गेलं. अठ्ठ्याण्णवला पुन्हा मतदान, नव्याण्णवला एका मतानं सरकार पडून आणखी मतदान. देविदासराव दोन्ही वेळा उभे राहिले आणि पडले. दहा वर्षांत व्हायचे तेवढे उमेदवार साडेतीन वर्षांत तांड्यावर येऊन गेले. प्रत्येकाला हिरासिंग बाजेवर बसवायचे आणि चहा पाजायचे. पाणी मात्र मागूनही द्यायचे नाहीत. काही अडचण आहे का, असं कुणी विचारलं की सांगायचे, “आमचं गाऱ्हाणं दिलेलं हाय.” उमेदवार खूश व्हायचे. एकानं तर बाळापूरच्या सभेत जांभळी तांड्याचं उदाहरण दिलं. इतका समाधानी तांडा उभ्या मतदारसंघात दुसरा नाही म्हणाला.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात ओढा इतका चढला, की पुनमची चाळीस दिवसांची शाळा बुडाली. ती सातवीत नापास झाली आणि घरी बसली. हिरासिंगांच्या बायकोनं, रूपाबाईनं, पोरीचं दप्तर खुंटीला अडकवून टाकलं. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, “तुमच्या खासदाराला इचारून या, पोरगी आता कोण्या वर्गात बसवू?”

हिरासिंग तडक वसमतला गेले. त्या दिवशी त्यांनी पोह्यांना हात लावला नाही.

“साहेब, जमत नसंल तर तसं सांगा. एकडाव न्हाई म्हणा, म्हंजे आमी मोकळे.”

देविदासरावांचे डोळे भरून आले. ते खरोखरच भरून आले. माणूस खोटा नव्हता, फक्त उमेदवार होता. “हिरासिंग,” ते म्हणाले, “तुम्हाला नाही म्हणेन तो दिवस माझा शेवटचा.” आणि पिशवीभर हळद देऊन त्यांनी कारभाऱ्यांना एसटीत बसवून दिलं.

धाकटी शितल तेव्हा दुसरीत होती. नव्याण्णवचं मतदान झालं, निकाल लागला आणि एका सकाळी रूपाबाई पाच बायका सोबत घेऊन, तांड्याच्या शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेतलेला अर्ज पदराखाली धरून निघाली. निवडून आलेल्या खासदाराच्या कचेरीत तो द्यायचा होता. हिरासिंग दारात आडवे उभे राहिले. गाऱ्हाणं दिलेलं हाय, म्हणाले.

“ते तुमी दिलं,” रूपाबाई म्हणाली. “पाणी तुमच्या तांब्यातलं पिलाय त्यो. माझा तांब्या भरलेलाच हाय.”

वाद नायकापुढे गेला. रतनसिंगांनी बराच वेळ तंबाखू मळली आणि निवाडा दिला, की बाईचा तांब्या वेगळा. कारभाऱ्यांना निवाडा अमलात आणायची सवय होती. ते दारातून बाजूला झाले.

अर्जाला अर्ज लागत गेले, बाळापूर-हिंगोलीच्या चकरा झाल्या आणि दोन हजार दोन साली खासदार निधीतून पूल झाला. शितल कोरड्या पायांनी पाचवीला जाऊ लागली. त्याच पुलावरून पुढच्या वर्षी, पहिल्या पावसानंतर, पुनम सासरी गेली. वरात पुलावरून चालली होती आणि नवरीचा बाप पुलाच्या कडेनं, पाण्यातून. त्याचं गाऱ्हाणं अजून दिलेलंच होतं. पाहुण्यांनी कुजबुज केली, व्याह्यानं हात धरून ओढलं. हिरासिंग पुलावर चढले नाहीत.

दोन हजार चारच्या एप्रिलात देविदासराव चौथ्यांदा उभे राहिले. आता जीप रुतायचं कारण नव्हतं. त्यांनी ती पुलाच्या मधोमध थांबवली, भोंगा हातात घेतला आणि जमलेल्या तांड्याला ऐकू जाईल असं म्हणाले, “हिरासिंग, शहाण्णवला शब्द दिला होता. आज बघा, पूल तुमच्या डोळ्यांसमोर आहे.”

सगळ्यांच्या माना कारभाऱ्यांकडे वळल्या. फक्त मान हलवायची होती. गाऱ्हाणं मिटलं असतं आणि आठ वर्षांची पायपीट संपली असती. गुडघे आता पाण्यात उतरले की ठणकत होते. घागर कमरेवर घेऊन रूपाबाई पुलाच्या तोंडाशी उभी होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मागितलं काहीच नाही.

“न्हाई साहेब,” हिरासिंग म्हणाले. “ह्यो पूल रूपाबाईचा. तुमचा बाकी हाय.”

कुणीतरी खुदकन हसलं. देविदासरावांनी भोंगा खाली केला.

“आज समदे हजर हायेत,” हिरासिंग शांतपणे म्हणाले. “न्हाई म्हणून टाका.”

देविदासरावांनी समोर पाहिलं. दीडशेच्या वर मतदार, आणि मतदानाला राहिले होते सहा दिवस. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, “होऊन जाईल.”

हिरासिंगांनी मान डोलावली. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि ते ओढ्यात उतरले. ओढा ठणठणीत कोरडा होता. पुलावरून रूपाबाईही चालू लागली, अगदी त्यांच्या चालीनं. जीपनं दोनदा हॉर्न दिला, पण बाई काही कडेला झाली नाही. पुनमला सासरहून माहेरपणाला आणायला कुणी जायचं, हे ती वरून विचारत होती आणि दगडधोंड्यांतून वाट काढत ते खालून उत्तर देत होते.