हेब्रोन मंडळीचा ठराव

१९१७ साली इद्रिस बेनन गाझाजवळच्या लढाईत पडल्याचं पत्र आलं, तेव्हा गाझा कुठे आहे हे त्याच्या आईला समजावून सांगावं लागलं नाही. ग्वेनलिअन बेनन कार्डिफच्या पलीकडे उभ्या जन्मात गेली नव्हती. पण गाझाहून हेब्रोन किती कोस आणि हेब्रोनहून यरुशलेम किती, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. वेल्श खाणभागातल्या कुमदुलस गावच्या चॅपेलात एकवीस वर्षं ती रविवारची शाळा घेत होती. फळ्यावर खडूनं त्या देशाचा नकाशा काढायची, इस्राएलाच्या बारा वंशांच्या बारा हद्दी आखायची. चॅपेलचं नावही हेब्रोनच. खाणीतून काळेठिक्कर होऊन येणारी माणसं आंघोळ करून, कॉलर लावून तिथे बसत, आणि इंग्लंडच्या राजांपेक्षा यहुदाच्या राजांबद्दल अधिक तावातावानं वाद घालत.

ग्वेनलिअनचा नवरा बारा वर्षांपूर्वी खाणीत दबून मेला होता. शिवणकामावर तिनं इद्रिसला वाढवलं. तो गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता.

चॅपेलच्या मंडळीचे पाळक, म्हणजे पाद्री, इलायस प्यू सांत्वनाला आले आणि टोपी हातात धरून बसले. मग म्हणाले, "मिसेस बेनन, ही लढाई राजांची नाही. शास्त्रात सांगितलेलं घडतंय. तुमचा इद्रिस त्या वाटेवर पडलाय."

त्या वाक्याला तिनं गच्च धरलं. दुसरं धरायला होतंच काय?

नोव्हेंबरात बातमी आली, की यहुद्यांना त्यांच्या बापजाद्यांच्या देशात घर मिळावं म्हणून ब्रिटिश सरकारनं पत्र काढलंय. डिसेंबरात यरुशलेम इंग्रज फौजेच्या हाती पडलं. त्या रविवारी हेब्रोन चॅपेलात पाय ठेवायला जागा नव्हती. प्यू शास्त्रावर हात ठेवून बोलत होते. "यहुदी परत जातील. तिथे त्यांना ख्रिस्ताची ओळख पटेल. मग प्रभू स्वतः येईल, आणि मेलेले उठतील!"

बाकीच्यांनी काय ऐकलं कोण जाणे. ग्वेनलिअननं शेवटचे दोनच शब्द ऐकले. मेलेले उठतील. म्हणजे यहुदी जितके लवकर जातील तितका इद्रिस लवकर उठेल. हा विचार तिनं कोणाला बोलून दाखवला नाही, पण रोज शिवणयंत्राच्या पायट्यावर पाय हलवताना तो तिच्या मनात फिरत राहायचा.

सरकारच्या पत्राला पाठिंबा देणारा ठराव करायचा असं मंडळीनं ठरवलं. सभा जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी. व्यासपीठावर एखादा यहुदी हवाच, असं प्यू म्हणाले. गावात यहुद्यांचं घर एकच, कापडवाले बेरिश क्रामर यांचं. धागा-बटणांसाठी ग्वेनलिअनचं त्यांच्याकडे येणं-जाणं होतं, म्हणून निरोप तिच्या गळ्यात पडला.

क्रामर गिऱ्हाइकाचं कापड मापत होते. त्यांची सतरा वर्षांची मुलगी लेआ फिती गुंडाळत होती. निरोप ऐकून क्रामरांचा हात थांबला.

"व्यासपीठावर? मला?" त्यांची वेल्श बोली रशियन वळणाची, पण चुकायची नाही. "सहा वर्षांपूर्वी संपाच्या वेळी तुमच्या मंडळीतले लोक माझ्या खिडकीतून आत आले होते. आता दारातून बोलावतायत. प्रगती आहे."

 ग्वेनलिअनला तो दिवस आठवत होता. काचा फुटत होत्या आणि फोडणारे भजन म्हणत होते, तिनंच मुलांना शिकवलेलं. ती आपल्या घरात खिडकीच्या पडद्याआड उभी होती. इद्रिस घरी आला तेव्हा त्याच्या तळहातात काच घुसलेली होती. तिनं काच काढली, पट्टी बांधली, आणि कुठे लागलं हे विचारलं नाही.

"माझा इद्रिसही होता त्यात," ती आज म्हणाली.

"माहीत आहे. भरतीला जायच्या आदल्या दिवशी आला होता. बोलला काही नाही. टोपी काढून तिथे उभा राहिला." क्रामरांनी दाराकडे बोट केलं. "मीही काही बोललो नाही. बोलायला हवं होतं."

गिऱ्हाईक निघून गेलं. क्रामरांनी कात्री खाली ठेवली.

"मिसेस बेनन, तुम्ही शाळेत शिकवता, म्हणून विचारतो. समजा, आम्ही गेलो त्या देशात. घरं बांधली. तुमच्या शास्त्राप्रमाणे पुढे काय होतं?"

"पुढे प्रभू येतो."

"त्याच्याआधी?"

 ते वचन तर ती हातवारे करून शिकवायची. तीन बोटं वर करायची आणि त्यातली दोन मिटायची. मुलांना ते फार आवडायचं.

"देशातले दोन हिस्से लोक मरतील," ती हळूच म्हणाली. "तिसरा हिस्सा राहील. आगीतून शुद्ध होऊन. आणि ज्याला... ज्याला त्यांनी भोसकलं, त्या ख्रिस्ताला ओळखून रडेल."

"तिनातले दोन," लेआ फीत गुंडाळत म्हणाली. "आमच्या घरात तिघंच आहोत. आई, बाबा आणि मी."

"लेआ, गप्प बस!"

"का? ह्यांनी मोजलंय, मी मोजलं तर काय बिघडलं?"

 ग्वेनलिअनला वाटलं, आता हाकलून देतील. पण क्रामर कापडाची घडी घालत म्हणाले, "मी येईन सभेला."

"येणार?"

"माझ्या बहिणीचं घर जाळलं तिकडे, रशियात. पुढे पाद्री होते, हातात क्रूस घेऊन. आमच्या माणसांना पळून जायला एक जागा हवी. ती तुम्ही कशापायी देताय हे खोदून विचारायला माझ्याकडे मित्रांची रांग लागलेली नाही. फक्त एक करा. त्या दिवशी पोरांकडून ते वचन म्हणवून घेऊ नका. माझी मुलगी समोर बसलेली असेल."

 ग्वेनलिअन घरी येऊन यंत्रापुढे बसली आणि उलटी शिवण घालत राहिली. वचनाचा एक तुकडा गाळायचा, तर बाकीचं खरं कसं मानायचं? हे दोन हिस्से नको म्हटलं, तर मेलेल्यांनी तरी का उठावं? आठवडाभर तिला अन्न गोड लागलं नाही. शेवटी तिनं मुलांना दुसरंच वचन पाठ करायला दिलं, त्याच संदेष्ट्याचं. तीन बोटांचं वचन तिनं महिन्यापूर्वीच शिकवून ठेवलं होतं. ते विसरा, असं काही मुलांना सांगता येईना.

सभेच्या दिवशी बाकं भरली, खाणकामगार मागे भिंतीला टेकून उभे राहिले. व्यासपीठावर प्यू, मंडळीचे एक ज्येष्ठ पुढारी हॉवेल मथायस, आणि काळ्या कोटातले क्रामर. लेआ पहिल्या बाकावर एकटीच. तिच्या शेजारची जागा रिकामी होती, आणि मागे माणसं उभी होती.

मथायसांना गर्दी दिसली की चेव यायचा. "परमेश्वराची इच्छा आहे की यहुद्यांनी आपल्या देशी जावं," ते म्हणाले, "तर आपण कोण अडवणार? मी तर म्हणतो, उद्याच जावं! स्टेशनापर्यंत बोचकी मी वाहतो!"

हशा पिकला. त्या हशात मागून कोणीतरी ओरडलं, "शेट, तुमच्या घरचं कोण गेलं हो लढायला? आमची पोरं वाळूत, आणि तुम्ही गल्ल्यावर!"

"उत्तर द्या, शेट!"

लाकडी जमिनीवर बुटांचा आवाज सुरू झाला, आधी दोन पाय, मग वीस.  क्रामरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि ते हलत नव्हते. ग्वेनलिअनला तो आवाज ओळखीचा होता. पडद्याआडून ऐकलेला.

प्यूंनी घाईघाईनं हात वर केला. "मुलं वचन म्हणतील!"

अकरा मुलं पुढे आली. यरुशलेमच्या चौकात म्हातारे-म्हाताऱ्या हातात काठी घेऊन पुन्हा बसतील, आणि नगराच्या रस्त्यांत मुलंमुली खेळत असतील, असं ती एका सुरात म्हणाली. बूट थांबले. एका बाईनं पदरानं टिपावेत तसे शालीच्या टोकानं डोळे टिपले.

"छान," प्यू म्हणाले. "आता पुढचं ते दुसरं वचन."

"ते शिकवलं नाही, मिस्टर प्यू," ग्वेनलिअन म्हणाली.

"शिकवलंत की. मी स्वतः ऐकलंय."

आणि नेस्टा, वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, बाईंची अडचण झाली असं वाटून पुढे सरसावली. तिनं तीन बोटं वर केली. "आणि सगळ्या देशात असं होईल, की..." एक बोट मिटलं.

ग्वेनलिअननं तिची बोटं आपल्या मुठीत धरली. "पुरे, नेस्टा."

"मिसेस बेनन," प्यूंचा आवाज खाली आला, म्हणजे ते रागावले होते. "देवाचं वचन असं मध्येच तोडत नाहीत."

"मग तुम्ही म्हणा. पण आमच्याकडे बघून नको." तिनं क्रामरांकडे हात केला. "त्यांच्याकडे बघून म्हणा. घरात तिघं आहेत त्यांच्या. त्यातले कोणते दोन, तेही सांगून टाका."

हेब्रोन चॅपेलात बाईनं पाळकाला भर सभेत उलट विचारल्याचं कोणाला आठवत नव्हतं.  मग एकच गलका उठला.

"पोराच्या दुःखानं डोकं फिरलंय हिचं," मथायस ओरडले. "बसवा तिला खाली!"

"माझ्या पोराच्या हातात ह्यांच्या दुकानाची काच घुसली होती," ती म्हणाली.  "मी पट्टी बांधली, आणि विचारलं नाही काही. त्या दिवशी विचारायला हवं होतं, ते आज विचारतेय. आपल्याला ही माणसं हवीत, की त्यांचं मरण हवंय?"

प्यूंनी शास्त्र उघडलं. क्रामरांकडे पाहिलं.  मग शास्त्र मिटून म्हणाले, "ठराव मांडतो. बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

भराभर हात वर झाले. मथायसांचा झाला, मागच्या बूटवाल्यांचाही झाला. क्रामरांनी आपला हात वर केला आणि शेवटपर्यंत खाली घेतला नाही. ग्वेनलिअनच्या मुठीत अजून नेस्टाची बोटं होती.

बाहेर ती क्रामरांसमोर गेली. तिला वाटलं होतं, निदान एक शब्द तरी चांगला बोलतील.

"मिसेस बेनन, मी तुम्हाला वचन गाळायला सांगितलं होतं, तमाशा करायला नाही!" ते दबक्या आवाजात म्हणाले.  "त्यांना येतंय हसू तर हसू देत, ठराव तर होतोय! आता उद्या कोणी दगड मारला, तर तुम्ही येणार आहात काच बसवायला?"

लेआनं बापाचा हात धरून त्यांना पुढे नेलं. वळून तिनं ग्वेनलिअनकडे पाहिलं. आठवडाभर दुकानाच्या खिडकीला फळ्या लावलेल्या होत्या. दगड कोणी मारला नाही.

रविवारची शाळा मात्र गेली. "थोडी विश्रांती घ्या," प्यू म्हणाले, आणि विश्रांती कधी संपली नाही. ग्वेनलिअननं चॅपेल सोडलं नाही. मागच्या बाकावर बसायची. मेलेले उठतील हे शब्द आले की मान खाली घालायची, जणू त्या शब्दांवरचा आपला हक्क आपणच घालवलाय. क्रामरांकडे धाग्याला जायची. पहिले काही महिने ते नुसता धागा द्यायचे. मग एकदा चहा दिला.

लेआ पाच वर्षांनी त्या देशात निघून गेली, याफाजवळ. आई तोवर वारली होती. बाप काही दुकान सोडून हलला नाही. आणखी दोन वर्षांनी, सप्टेंबरात, ग्वेनलिअनला तिचं पत्र आलं. वेल्शमध्ये लिहिलेलं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

"गाझाला जाऊन आले," लेआनं लिहिलं होतं. "इद्रिसची जागा सापडली. पांढरा दगड आहे, नाव नीट कोरलंय. भोवती गुलाब आहेत. तिथे एक माळी आहे, जिरियस नावाचा, अरब. पाणी विहिरीवरून खांद्यावर आणतो. मला वाटलं मुसलमान असेल, तर तो ख्रिस्ती निघाला. त्यांचं गावातलं चर्च तुमच्या हेब्रोनपेक्षा हजारेक वर्षं जुनं आहे. कोणाच्या मुलाचा दगड, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, शेजारणीच्या. त्यानं मला अंजीर दिले. मग विचारलं, तुमचे लोक अजून किती येणार आहेत? मी त्याला खरं उत्तर दिलं नाही. मिसेस बेनन, इथे गावंच्या गावं माणसांनी भरलेली आहेत. आपल्याला कोणी हे सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही."

तिनं ते पत्र तीनदा वाचलं आणि क्रामरांना वाचून दाखवलं.  ऐकून ते एवढंच म्हणाले, "तिला विचारा, घराला कडी-कोयंडा चांगला आहे ना."

गुरुवारच्या प्रार्थनासभेत ज्याला मनापासून वाटेल त्यानं उठून प्रार्थना करायची रीत होती. सात वर्षांत ग्वेनलिअन उठली नव्हती. त्या गुरुवारी उठली. समोरच्या बाकाची कड धरून तिनं लेआ क्रामरसाठी प्रार्थना केली, तिच्या दाराच्या कडीसाठी केली. मग गाझाच्या जिरियस माळ्यासाठी, त्याच्या घरादारासाठी, त्याच्या विहिरीसाठी. कुणालाही त्या जमिनीवरून उठावं लागू नये, असं ती म्हणाली, आणि थांबली, कारण हे कसं व्हावं ते तिला माहीत नव्हतं.

"हा जिरियस कोण आता?" म्हातारे झालेले मथायस शेजाऱ्याला मोठ्यानं म्हणाले. "शास्त्रात तर नाही कुठे."

"तिथे राहतो," ग्वेनलिअन म्हणाली, आणि आमेनची वाट पाहत उभी राहिली.

ते फार उशिरा आलं. नेस्टाच्या बाकावरून आधी, मग इकडून तिकडून आणखी तीन-चार.