माझी अकरा मिनिटांची बचावफळी

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला बचावपटू म्हणून माझी कारकीर्द अकरा मिनिटं टिकली. त्यातली नऊ मिनिटं बॉल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता.

आमची इरा (वय तेरा, मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत) इथे आखातात, अमवाज बेटावर हा खेळ खेळते. दोन वर्षांत मी तिची एकही मॅच पाहिली नव्हती. कारण शिफ्ट! हल्ली तिने बोलावणंही सोडलं होतं, आणि ते मला फार लागलं होतं. म्हणून पालक-मुलांच्या मॅचला एक बाप कमी पडतोय म्हटल्यावर मीच हात वर केला.

“बाबा, प्लीज! डोन्ट एम्बॅरस मी.”

“अगं, शाळेच्या कबड्डी टीमचा कॅप्टन होतो मी!”

“आणि आता गुडघ्याला मलम कोण चोळून घेतं?” बायकोने विचारलं. (मी विषय बदलला.)

कोचने मला एका सहा फुटी ऑस्ट्रेलियन बापावर लक्ष ठेवायला सांगितलं. ज्याच्या हातात बॉल नाही त्याला धरायचं नाही, हेही बजावलं. पण कबड्डीत बॉल नसतोच हो! तो गडी अंगावर धावून आला आणि मी सूर मारून त्याचा घोटा पकडला. तो आडवा. शिट्टी वाजली. मी कसला सोडतोय!

“मेट, आय डोन्ट हॅव द बॉल!”

“आधी दम सोड!” मी ओरडलो. “अरे, साखळी करा, साखळी!”

मैदानातल्या एकालाही कळलं नाही. कळलं फक्त बाहेर बसलेल्या कासमभाईंना. हे इथे बुसैतीनला आमच्या शेजारी राहतात, मूळचे रत्नागिरीचे.

“सोडू नको रे, आलो मी!” म्हणत ते चपला टाकून आत धावले आणि त्यांनी दुसरा पाय धरला!

शेवटी पंच अरबीत किंचाळला, “खलास!”

ते मात्र आम्हा दोघांनाही कळलं. मान वर केली, तर इरा दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी. गुडघ्यापेक्षा ते जास्त दुखलं.

घरी येताना गाडीत मी म्हटलं, “चुकलं माझं. पुन्हा नाही येणार.”



“बट यू केम, बाबा,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “नेक्स्ट फ्रायडे ऑल्सो कम.”

मला भरून आलं. रस्ता धूसर दिसायला लागला.

“ओन्ली, सिट इन द कार.”

आता मी शिफ्ट बदलून दर शुक्रवारी जातो. काच खाली करायची परवानगी आहे. हात मात्र आतच ठेवायचे!